परक्यांचे बूट

८ फेब्रुवारी १९८६, शनिवार

पोचलो. कशासाठी पोचलो ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

अंधारात मुलाच्या, मिल्टन कीन्सच्या घरून निघालो ते दिवेलागणीला स्कॉटलंडच्या डोंगरात. अख्खा रस्ता सुभाषने गाडीतला हीटर माझ्या पायांवर सोडला होता आणि खिडकीची फट माझ्या कानावर. पाय भाजले, कान गोठला. बोललो तर म्हणतो, "बाबा, रिलॅक्स."

सुभाषच्या कंपनीने इथल्या स्की सेंटरला कॉम्प्युटर विकलाय. भाड्याने दिलेले बूट कोणाच्या पायात गेले ते आता म्हणे यंत्र लक्षात ठेवणार. ते बसवून, शाळांच्या सुट्टीची गर्दी उरकेपर्यंत त्याला इथे राहायचंय. सेंटरने लाकडी घर दिलंय, त्यात एक खोली जास्तीची. सून सीमा नर्स, तिला रजा नाही. खोली वाया जाऊ नये म्हणून काल लंडनच्या ईलिंगहून आम्हा दोघांना उचलून आणलं.

"इट्स अ वर्किंग हॉलिडे," सुभाष म्हणाला. "वर्क मी करतो, हॉलिडे तुम्ही करा."

हॉलिडे म्हणजे नेमकं काय करायचं असतं? खिडकीतून बघितलं तर सगळं पांढरं. पांढऱ्यावर माणसं उभी राहतात आणि घसरतात. पुन्हा वर जातात, पुन्हा घसरतात. याला पैसे देतात.

गादी दमट आहे. माझी छाती धरणार. ईलिंगच्या घराचा पाण्याचा मुख्य नळ बंद केला का, म्हणून हिला विचारलं. ही म्हणाली, "अहो, केला. तुम्हीच दोनदा बघून आलात." मी बघून आलो ते खरं. पण बघताना माझं लक्ष होतं का, हा प्रश्न आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुपारी ही सुभाषला डबा द्यायला म्हणून खाली बुटांच्या खोलीत गेली ती अंधार पडला तरी आली नाही. मला वाटलं घसरून पडली. मग वाटलं, पडली असती तर कोणीतरी सांगायला आलं असतं. मग वाटलं, यांना माझा पत्ता काय माहीत. जेवलो नाही. जेवायला काही नव्हतंच म्हणा. होतं, पण गरम कोण करणार?

आली ती गालांवर लाली घेऊन. म्हणाली, "अहो, तिथल्या दोन पोरी फ्लूने झोपल्यात. ती फियोना एकटी मरत होती. ओले बूट नुसते ढिगात पडलेले, डावा कुठे, उजवा कुठे. मी जोड्या लावल्या."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. डोळ्यांना दिसत होतं."

फियोना म्हणजे त्या खोलीची मुख्य बाई. तिने हिला उद्या पुन्हा बोलावलंय. मी म्हटलं, "तू पाहुणी आहेस." ही म्हणाली, "म्हणूनच तर. रिकामं बसून भिंती मोजू?"

ईलिंगला बिस्किटांच्या कारखान्यात हिने वर्षानुवर्षं पट्ट्यावर डबे भरले. कारखाना बंद झाला तेव्हा मीच म्हटलं होतं, सुटलीस. आता आराम कर. माणसाला आराम दिला तरी घेता येत नाही, याला काय म्हणावं?

११ फेब्रुवारी, मंगळवार

हे लिहून ठेवायलाच हवं.

सकाळी मी स्वतः बघायला गेलो. मोठी खोली, ओल्या मोज्यांचा वास, भिंतभर बूट. प्लॅस्टिकचे, गुडघ्याएवढे, लोखंडी चापांचे. बाकावर गोरी माणसं रांगेने पाय पसरून बसलेली. आणि जमिनीवर गुडघे टेकून, एका पोरगेल्या साहेबाची टाच मांडीवर घेऊन, त्याच्या पायात बूट चढवत होती ती ही. माझी बायको. छातीवर नावाची पट्टी लावलेली. "फूट, प्लीज," म्हणत होती. तो पाय पुढे करत होता.

मी तिथेच मराठीत ओरडलो, "ऊठ!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ही उठली नाही. चाप लावून, बुटावर दोन थापट्या मारून मगच उठली. म्हणाली, "अहो, एवढी रांग होऊ दे. मग येते."

फियोना पुढे आली आणि मला म्हणाली, "कप ऑफ टी?" मला चहा विचारते. मी घेतला नाही.

माझा बाप गावात वरच्या आळीतून जाताना वहाणा काढून काखेत मारायचा. पायात घालून गेला तर मार. मी लहानपणी त्याच्या मागून चालत जाताना त्या काखेतल्या वहाणांकडे बघत चालायचो. म्हणून गाव सोडलं, मुंबई धरली, छप्पन साली दीक्षा घेतली, म्हणून समुद्र ओलांडला. आणि इथे येऊन माझी बायको परक्यांच्या पायात बूट चढवते. फुकटात! नाही, फुकट नाही, रोजंदारी देणार आहेत म्हणे. ते तर आणखी वाईट.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हिच्याशी बोललो नाही. ही बोलते, मी हूं म्हणतो. भाकरी सकाळीच करून झाकून जाते. मुद्दाम गार खातो.

आज दुपारी खिडकीतून बघितलं. फियोना आणि दुसऱ्या एका बाईने हिला दोन्ही हातांना धरून बर्फावर आणलेलं. पायात ते बूट, बुटांना त्या लांब पट्ट्या. आणि अंगात विजार! फियोनाची असणार, खालून दुमडलेली. पातळ कुठे सोडलं? लहान मुलं शिकतात त्या उतारावर त्यांनी हिला सोडलं. ही हातभर गेली आणि बसकण मारली. मी खुर्चीवरून उठलो, आता हाड मोडलं म्हणून. तर ही बर्फात आडवी पडून हसतेय. काचेतून आवाज येत नव्हता, पण तोंड दिसत होतं. दाढा दिसतील असं हसणं, या वयात. लग्नानंतर आम्ही परळच्या चाळीत आलो तेव्हा गच्चीवर ही पोरींबरोबर असं हसायची. तेव्हाही माझी आई रागवायची. बरोबरच होतं तिचं.

उठली, पुन्हा गेली, पुन्हा पडली. मी पडदा ओढला. मग थोडा उघडा ठेवला. खरंच हाड मोडलं तर कोणीतरी बघायला हवं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आता कळलं हे सगळं कुठे चाललं होतं.

सुभाष जेवताना म्हणाला, "बाबा, फियोना आईला इस्टरपर्यंत ठेवायला तयार आहे. वर एक रूम पण देणार. आईला करायचं आहे. ती आईचा निर्णय आहे."

याचं मराठी असं. निर्णयाला ती म्हणतो. पण मला शिकवायला पुढे.

मी हिला म्हटलं, "हा काय बोलतोय?"

ही वाटीतलं वरण ढवळत राहिली. "मी विचारणारच होते तुम्हाला."

"विचारणार होतीस की सांगणार होतीस?"

"तुम्ही हूं म्हणत होता चार दिवस. हूंला कसं विचारायचं?"

सुभाष हसला. मी त्याच्यावर ताट सरकवलं. वरण टेबलावर गेलं.

मग मी सगळं बोललो. बापाच्या वहाणांचं बोललो. "ज्या पायांनी आपल्याला तुडवलं," असं काहीतरी म्हटलं. ही शांतपणे टेबल पुसत होती. पुसून झाल्यावर म्हणाली, "हे पाय वेगळे आहेत. यांना बूट चढत नाहीत म्हणून ते बसतात, आणि मला चढवता येतात म्हणून मी चढवते. काल एक म्हातारी होती, तुमच्यापेक्षा मोठी, साठ वर्षं घसरते म्हणे डोंगरावरून. जाताना माझा हात दाबून गेली. गावातला पाटील तुमच्या बापाचा हात दाबून गेला होता का कधी?"

माझ्या बापाचं नाव असं घेते!

गेल्या डिसेंबरात ईलिंगच्या हॉलमध्ये मी स्त्रियांच्या हक्कांवर अर्धा तास बोललो. सातवी नापास माणूस, कागद न बघता बोललो. टाळ्या थांबेनात. ते हिने ऐकलं असतं तर आज असं बोलली नसती. पण ही मागे चहाचे कप धूत होती.

मी सांगून टाकलंय. शनिवारी आपण तिघं परत जाणार. तिघं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अंथरुणातून लिहितो. पायांची बोटं अजून ठणकतात.

काल सकाळी ही उठून, डोक्याला रुमाल बांधून पुन्हा बुटांच्या खोलीकडे निघाली. माझ्या देखत. जसं काही मी बोललोच नव्हतो. मीही ओव्हरकोट चढवला. म्हटलं, बस पकडतो, गावात जातो, तिथून रेल्वे. बसा घसरत.

सुभाष त्या दिवशी कॉम्प्युटरची कसलीशी तार आणायला शहरात गेला होता. मला अडवायला कोणी नव्हतं, हे जरा विचित्र वाटलं. कोणी अडवलं असतं तर बरं वाटलं असतं असं नव्हे. पण विचारायची पद्धत असते.

बसचा थांबा वळणाच्या खाली दिसत होता. रस्ता लांबून जातो म्हणून मी मधूनच उतरायला घेतलं. पाच-दहा मिनिटांत डोंगरावरून धुकं खाली आलं आणि वारा सुटला. असलं धुकं मी पाहिलेलं नाही. वर पांढरं, खाली पांढरं, स्वतःचा पाय दिसेना. बर्फ अडवायला लाकडी पट्ट्यांचं कुंपण घालतात, ते हाताला लागलं. ते धरून उभा राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. मेलो तर सुभाष भाषण कसल्या मराठीत करेल, याचाही विचार करून झाला.

तेवढ्यात हाक ऐकू आली. "आऽऽहो!"

पुरुषाचा आवाज, घोगरा. मग दुसऱ्या बाजूने आणखी एक. "मिस्टर आऽऽहो!"

मला वाटलं डोकं फिरलं. मग वाटलं, चेष्टा करतायत. बुटांच्या खोलीत ही मला अहो म्हणाली ते ऐकलं, आता नक्कल करतायत. माझ्या बायकोची हाक गोऱ्यांच्या तोंडात! मी ओठ घट्ट मिटले. दोनदा ते आवाज अगदी जवळून गेले. दोन्ही वेळा गप्प राहिलो. हे सुभाषला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

मग हिचा आवाज आला. फाटलेला. ओरडून ओरडून घसा पार बसलेला. "अहो! अहो!"

मी म्हटलं, "इथे आहे. ओरडू नको एवढी, घसा जाईल."

लाल जॅकेटवाले बचावपथकाचे दोघे आले. मला उतरताना बुटांच्या खोलीतून कोणीतरी पाहिलं होतं म्हणे. मी चालू शकत होतो, तरी मला घसरगाडीवर झोपवून पट्टे बांधले, पेटीसारखं. ही बाजूने चालत होती, पायात ते मोठे बूट. बुटांच्या खोलीत सगळी रांग बाकावरून उठली, मला जागा करून द्यायला. ही खाली बसली, माझ्या भिजलेल्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि हात पुढे केला.

"फूट, प्लीज."

म्हणाली आणि स्वतःच दचकली. सवयीने आलं असणार तोंडात. मी पाय पुढे केला. काय करणार? सगळे बघत होते. हिचे हात गरम होते. बोटं चोळता चोळता हिच्या नाकातून पाणी गळत होतं, ते खांद्याला पुसत होती.

फियोनाने चहा आणला. या वेळी घेतला. साखर कमी होती.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज विचारलं. म्हटलं, "त्या लोकांना माझं नाव अहो म्हणून कोणी सांगितलं?"

"मी."

"का?"

"त्यांनी विचारलं, व्हॉट डू यू कॉल हिम. तुम्हाला मी काय म्हणते? अहो म्हणते. तेच सांगितलं."

"अगं, म्हणजे नाव विचारत होते! भगवान! भगवान ओव्हाळ!"

"नाव असं विचारलं असतं तर सांगितलं असतं. हाक काय मारता, असं विचारलं. मी घाबरलेले होते. खरं ते सांगितलं."

"आपण दीक्षा घेतली तेव्हाच सांगितलं होतं मी तुला, नवऱ्याचं नाव घ्यायला लाजायचं नाही. जुनं सगळं सोडायचं. तू ऐकलंस? त्यापायी मी मेलो असतो."

ही गरम पाण्याची पिशवी माझ्या पायाशी सरकवत होती. म्हणाली, "आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही मला काय हाक मारता?"

हा काय प्रश्न झाला.

"अगं. ऐकतेस का. सुभाषची आई. लोकांपुढे, आमच्या घरी." एकेक म्हणून थांबत होती. "माझी आई गेल्यापासून मला माझ्या नावाने कोणी बोलावलं नव्हतं, कारखान्यातसुद्धा मिसेस ओव्हाळच. इथे फियोना दिवसभर ओरडते, रंभा इकडे, रंभा तिकडे. पहिल्या दिवशी तीनदा हाक मारली तिने, मी मागे वळून बघत होते कोणाला बोलावतेय म्हणून."

मग पिशवीचं झाकण पुन्हा घट्ट केलं आणि कामाला गेली.

विषय होता त्यांना चुकीचं नाव सांगितल्याचा. तो कुठल्या कुठे नेला. बायकांना मुद्द्याला धरून बोलता येत नाही. आता सगळं सेंटर मला मिस्टर अहो म्हणतं. कॅन्टीनमधला माणूससुद्धा. सुभाष पोट धरून हसला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ईलिंग. दोघंच परत आलो.

सकाळी मी माझी बॅग भरली, हिची बॅग दारात आणून ठेवली. हिने ती उचलून आत नेऊन ठेवली. मी पुन्हा आणली. हिने पुन्हा नेली. शेवटी सुभाष म्हणाला, "बाबा, बॅगला चक्कर येईल."

मी म्हटलं, "आलीस तर घर, नाही आलीस तर..." पुढे काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. ही वाट बघत उभी होती. खरंच वाट बघत होती, काय म्हणतो ते ऐकायला. मग म्हणाली, "इस्टरला येते. तिखटाचा डबा वरच्या फळीवर आहे. डाळ भिजत घालताना मीठ घालू नका."

गाडी निघाली तेव्हा ही बुटांच्या खोलीच्या दारात होती. हात हलवायला वर केला तेवढ्यात आतून कोणीतरी हाक मारली आणि वळून गेली. मी हात हलवणार नव्हतोच.

नळ बंदच होता. पाइप फुटलेला नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

डाळीत मीठ घातलं. शिजलीच नाही.

शेजारच्या पद्माकरने विचारलं, वहिनी दिसत नाहीत? म्हटलं, बरं नाही. मग तो म्हणाला, बघायला येतो. म्हटलं, नको, साथीचं आहे. आता हिला किती दिवस आजारी ठेवायचं? खरं सांगावं तर सांगायचं काय? की माझ्या बायकोला घरापेक्षा परक्यांचे पाय बरे वाटतात?

सुभाषला फोन करून भांडलो. तो म्हणाला, आईशी बोला, माझ्याशी नको. बुटांच्या खोलीचा नंबर दिला. लिहून घेतला नाही. पण लक्षात राहिला.

४ मार्च, मंगळवार

आज फोन केला.

संध्याकाळी ती खोली बंद असते, म्हणून भर दुपारी करावा लागला, दिवसाच्या महागड्या दराने. काय बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलं होतं. म्हणणार होतो, आता पुरे झालं, लोक विचारतात, मिळेल त्या गाडीने निघ. आवाज चढवायचा नाही, पण सोडायचंही नाही.

कोणीतरी पोरीने उचलला. मागे नुसता गोंगाट. मी म्हटलं, माय वाइफ प्लीज. म्हणाली, कोण? मिसेस ओव्हाळ, म्हटलं. अशी कोणी नाही म्हणाली. हू डू यू वॉन्ट, लव्ह? गर्दी आहे इथे.

पोरगी फोन ठेवायच्या बेतात होती. नाव घ्यावंच लागलं.

"रंभा," मी म्हटलं.

नीट ऐकू गेलं नाही तिला. पुन्हा म्हणायला लावलं. "रंभा. रंभा." मोकळ्या घरात माझा आवाज विचित्र मोठा वाटला.

"रंभा! इट्स आहो!" ती पोरगी ओरडली. आणि तिकडे लांब कुठेतरी ही हसली. मग बुटांचा थडथड आवाज करत आली.

"अहो, काय झालं? छाती दुखतेय का?"

"नाही."

"मग? पाइप?"

"नाही. पाइप ठीक आहे."

"मग काय झालं?"

ठरवलेल्यातलं पहिलं वाक्य आठवेना. मी म्हटलं, "डाळ शिजत नाहीये."

"मीठ घातलंत ना? सांगितलं होतं मी. अहो, थांबा हां जरा, चौघं उभे आहेत रांगेत. ठेवू नका."

आणि फोन तसाच फळीवर ठेवून गेली. मला थांबवून! मी ईलिंगहून, दुपारच्या दराने फोन केलेला, आणि ही परक्यांना बूट घालायला गेली. मला इतका राग आला की रिसीव्हर आपटणारच होतो. तेवढ्यात हिचा आवाज ऐकू आला, लांबून पण स्पष्ट. "सिट. फूट, प्लीज. नो नो, अदर फूट." कोणीतरी हसलं. चाप लागल्याचा आवाज आला, एक, मग दुसरा. "गुड? नॉट टाइट? ओके, गो." मग पुढचा. "सिट. फूट, प्लीज."

कान दुखायला लागला. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि उभा राहिलो.